मुलगी गणितात मागे पडली की इंग्रजीत?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका मातेने पाठवलेल्या पत्रातील मुख्य भाग असा आहे :

“माझी मुलगी चौथीपर्यंत गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत होती आणि गणितात तिला नेहमी चांगले गुण मिळत. पाचवीपासून ती इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जाते. आता सहावीत आहे. पाढे, बेरीज, वजाबाकी सगळे तिला येते, पण शाब्दिक उदाहरण समोर आले की ती गडबडते. या वेळच्या चाचणीत तिला वीसपैकी सात गुण मिळाले आणि ‘गणिताचा पाया कच्चा आहे’ असा शेरा आला. माझे माहेर सावंतवाडीकडचे, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले. लसावि-मसावि मला येतात, पण तिच्या पुस्तकातले शब्द कळत नाहीत. सासरे तिला पावकी-निमकी पाठ करायला बसवतात. यजमान म्हणतात की घरात गणिताचे मराठी शब्द पूर्ण बंद करावेत, त्यांच्यामुळेच तिचा गोंधळ होतो. कोणाचे ऐकावे? शिकवणी लावावी का?”

ताई,

शिकवणीचा निर्णय काही दिवस बाजूला ठेवा आणि आधी मुलगी नेमकी कुठे अडते ते घरच्या घरी पाहा. त्यासाठी एक संध्याकाळ पुरेल. एकच उदाहरण तीन वेगवेगळ्या कागदांवर तीन प्रकारे लिहा. पहिल्या कागदावर केवळ आकडे असू द्या : ८४ – १९. दुसऱ्यावर मराठीत लिहा : “रामाकडे ८४ नारळ आहेत. ते शामाकडील नारळांपेक्षा १९ ने जास्त आहेत, तर शामाकडे किती नारळ आहेत?” तिसऱ्यावर हेच उदाहरण तिच्या पुस्तकातील इंग्रजीच्या धर्तीवर लिहा; लिहिताना शेजारच्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाची मदत घेतली तरी चालेल. कागद एकापाठोपाठ एक देऊ नका, मध्ये दुसरी उदाहरणे घाला आणि नावे व वस्तू बदला, म्हणजे तिला आधीचे उत्तर आठवणार नाही. पहिला कागद चुकला तर खरोखरच गणिताकडे लक्ष द्यावे लागेल. पहिला बरोबर आला पण मराठीतले उदाहरणही चुकले, म्हणजे ‘जास्त’ हा शब्द दिसताच तिने दोन्ही संख्यांची बेरीज केली, तर तिला वाचलेल्या मजकुराचा अर्थ लावण्याची सवय नाही असे समजावे, आणि त्यात इंग्रजीचा काही दोष नाही. पहिले दोन्ही बरोबर येऊन केवळ तिसरा चुकला, तर शेऱ्यातील ‘पाया कच्चा’ हे निदान चुकीचे आहे. तुमच्या पत्रावरून माझा अंदाज तिसऱ्या शक्यतेकडे झुकतो, तरीही अंदाजावर विसंबू नये.

गोव्यात हा प्रश्न घरोघरी आहे. सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या असतात आणि पाचवीपासून बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात जातात. नेमक्या याच वयात गणिताची भाषाही बदलते. चौथीपर्यंत मोजणे, मिळवणे, वाटणे एवढ्यावर भागते. पाचवी ते आठवी या चार वर्षांत अपूर्णांकांचे प्रकार, विभाजक आणि विभाज्य, गुणोत्तर, शेकडेवारी, ऋण संख्या, कोन आणि चौकोनांचे प्रकार, चल आणि समीकरण अशी नव्या संकल्पनांची रांग लागते. म्हणजे मुलीला एकाच वेळी नव्या गोष्टी शिकायच्या आहेत आणि त्याही नव्या भाषेत. तिची गती मंदावली यात नवल नाही.

पालक सहसा अवघड दिसणाऱ्या शब्दांची यादी करतात आणि ती पाठ करून घेतात. ‘डिनॉमिनेटर’, ‘क्वाड्रिलॅटरल’ असे लांबलचक शब्द मुलांना प्रत्यक्षात फारसा त्रास देत नाहीत, कारण ते गणिताच्या तासाखेरीज कुठे भेटतच नाहीत आणि दोन-चार वेळा वापरले की त्यांचा अर्थ पक्का होतो. खरी अडचण ‘फ्रॉम’, ‘दॅन’, ‘बाय’, ‘ऑफ’, ‘टू’, ‘ईच’ या चिमुकल्या शब्दांची आहे. हे शब्द मुलीला ‘येतात’ असे तिलाही वाटते आणि आपल्यालाही, त्यामुळे तिकडे कोणी पाहतच नाही.

वजाबाकीचे उदाहरण घ्या. मराठीत आपण “विसातून आठ वजा करा” किंवा “विसापेक्षा आठने कमी” असे म्हणतो. संख्या ज्या क्रमाने ऐकू येतात त्याच क्रमाने त्या वहीत उतरतात : २० – ८. इंग्रजीत हेच “सब्ट्रॅक्ट एट फ्रॉम ट्वेंटी” किंवा “एट लेस दॅन ट्वेंटी” असे होते आणि आठ आधी ऐकू येतो. चार वर्षे मराठीच्या क्रमाने गणित केलेली मुलगी ८ – २० असे लिहून मोकळी होते, मग आठातून वीस जात नाहीत म्हणून थबकते किंवा आकड्यांची मनानेच उलटापालट करते. संख्या लहान असताना ही चूक झाकली जाते. पुढे बीजगणितात “फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर” आले की झाकता येत नाही, कारण २क्ष – ५ आणि ५ – २क्ष ही दोन्ही दिसायला सारखीच शहाणी असतात. तेव्हा ‘दॅन’ किंवा ‘फ्रॉम’ दिसला की त्याच्या पुढची संख्या आधी लिहायची, ही सवय वजाबाकीच्या उदाहरणांपुरती तिला आताच लावा आणि प्रत्येक वेळी ते वाक्य मराठीत सांगायला लावा. ती “विसातून आठ” म्हणाली की लिहिताना चुकणार नाही.

‘बाय’ आणि ‘टू’ यांचाही असाच घोळ होतो. किंमत वीस रुपयांनी वाढली आणि किंमत वीस रुपयांपर्यंत वाढली, यांतला फरक मराठीत ‘नी’ आणि ‘पर्यंत’ इतका ठळक आहे की कोणी चुकत नाही. इंग्रजीत तो एका दोन अक्षरी शब्दावर लटकलेला असतो. ‘इनटू’ची गंमत तर आपणच करून ठेवली आहे. आपल्याकडे वर्गात “फाइव्ह इनटू फोर” म्हणजे पाच गुणिले चार असे सर्रास बोलले जाते, तर इंग्रजीत “डिव्हाइड ट्वेंटी इनटू फोर इक्वल पार्ट्स” म्हणजे विसाचे चार समान भाग करणे. कानावर गुणाकार आणि पुस्तकात भागाकार, अशा स्थितीत मुलीने चुकीचे चिन्ह लिहिले तर तिला ओरडण्यात अर्थ नाही. ‘ॲट लीस्ट’ म्हणजे किमान आणि ‘ॲट मोस्ट’ म्हणजे कमाल, हेही एकदा संख्यारेषेवर दाखवून द्या, कारण ‘लीस्ट’ ऐकून मुले हमखास लहान संख्यांकडे वळतात.

याच संदर्भात एक इशारा देतो. बाजारातल्या काही मार्गदर्शक पुस्तकांत “मोअर आले की बेरीज, लेफ्ट आले की वजाबाकी” असे कोष्टक असते. ते मुलीच्या हाती देऊ नका. वरच्या नारळांच्या उदाहरणात ‘जास्त’ शब्द असूनही वजाबाकीच करावी लागते. शब्द पाहून चिन्ह निवडण्याची सवय एकदा जडली की मूल उदाहरण वाचणेच सोडून देते.

आता ‘ऑफ’ आणि तुमच्या सासऱ्यांची पावकी. इंग्रजीतील “थ्री-फोर्थ्स ऑफ ट्वेंटी” म्हणजे विसाचा पाऊण भाग, म्हणजे २० गुणिले ३/४, म्हणजे १५. मराठीत हे काम षष्ठीचा प्रत्यय करतो, आणि म्हणूनच तुम्ही शाळेत पाठ केलेल्या ‘कंचेभागुबेव’मध्ये (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रियांचा क्रम) कंसानंतर ‘चे’ येतो. पावकी म्हणजे संख्येचा पाव भाग, निमकी म्हणजे निम्मा, पाऊणकी म्हणजे पाऊण; सवायकी, दिडकी, अडीचकी यांतही त्या त्या पटीचाच पाढा आहे. हे अपूर्णांकांचे गुणाकारच आहेत आणि सासरे ते पुस्तक न उघडता शिकवत आहेत. मी त्यांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. पाठांतर झाल्यावर पावणेदोन ही संख्या १ ३/४ अशी लिहिता आली पाहिजे, ती ७/४ सुद्धा आहे हे कागदावर चौकोन काढून दाखवता आले पाहिजे, आणि तिला इंग्रजीत काय म्हणतात हेही सांगता आले पाहिजे. एवढे होत नसेल तर पावकी ही नुसती कविता राहील. ‘कंचेभागुबेव’बद्दलही एक गोष्ट लक्षात असू द्या : त्यात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर आहे म्हणून बेरीज नेहमी आधी करायची असे नाही. १० – ४ + ३ चे उत्तर डावीकडून उजवीकडे जाऊन ९ येते, ३ नाही. इंग्रजी शाळांतल्या ‘बॉडमास’मध्येही मुले हीच चूक करतात.

अपूर्णांकांचा विषय निघालाच आहे तर त्याचे शब्द पाहू, कारण इथे मराठी तुमच्या मुलीला प्रत्यक्ष मदत करते. ज्यात अंश मोठा तो अंशाधिक, ज्यात छेद मोठा तो छेदाधिक. नाव ऐकताच अपूर्णांक डोळ्यांपुढे येतो. इंग्रजीत त्यांनाच ‘इम्प्रॉपर’ आणि ‘प्रॉपर’ म्हणतात, आणि ‘इम्प्रॉपर’ ऐकून अनेक मुलांचा असा समज होतो की ७/४ हा काहीतरी चुकीचा, दुरुस्त करायचा अपूर्णांक आहे. ‘इम्प्रॉपर म्हणजे अंशाधिक’ एवढे एकदा जोडून दिले की हा गैरसमज जातो. पूर्णांकयुक्त अपूर्णांकाला ‘मिक्स्ड’ म्हणतात. तो शब्द सोपा आहे.

लसावि आणि मसावि तुम्हाला येतात, तर ते तुम्हीच शिकवा, दुसऱ्या कोणाची गरज नाही. विभाजक म्हणजे ‘फॅक्टर’, विभाज्य म्हणजे ‘मल्टिपल’, मसावि म्हणजे ‘एचसीएफ’ आणि लसावि म्हणजे ‘एलसीएम’. या चार जोड्या झाल्या की धडा तुमच्या हातात आहे. मुलांना बुचकळ्यात टाकणारी गोष्ट पुढे येते : महत्तम म्हणवणारा मसावि लहान येतो आणि लघुतम म्हणवणारा लसावि मोठा. १२ आणि १८ यांचा मसावि ६, तर लसावि ३६. याचे कारण संक्षेपात दडलेले आहे, म्हणून ती अक्षरे उलगडून पूर्ण नाव म्हणायला लावा. महत्तम साधारण विभाजक, म्हणजे दोन्ही संख्यांना भागणाऱ्यांतला सर्वांत मोठा; भागणारी संख्या मूळच्या संख्येहून मोठी असू शकत नाही. लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे दोन्ही संख्यांनी भाग जाणाऱ्यांतला सर्वांत लहान. तो दोहोंतल्या मोठ्या संख्येहून लहान असू शकत नाही. हे ज्या मुलाला कळले ते उत्तर लिहिण्यापूर्वीच स्वतःची चूक ओळखते. ‘एचसीएफ’ आणि ‘एलसीएम’ या अक्षरांनाही हीच वागणूक द्या.

यजमानांचे म्हणणे मात्र सरसकट खोडून काढता येणार नाही. मराठी परिभाषेतही काही खाचखळगे आहेत आणि ते माहीत असलेले बरे. ‘अंश’ हा अपूर्णांकातला वरचा अंक असतो आणि कोन मोजायचे एककही असते. इंग्रजीत त्यांना ‘न्यूमरेटर’ आणि ‘डिग्री’ असे वेगळे शब्द आहेत. ‘मूळ संख्या’ म्हणजे ‘प्राइम’, पण ‘वर्गमूळ’मधल्या मुळाचा तिच्याशी संबंध नाही. ‘भागाकार’ हे क्रियेचेही नाव आहे आणि येणाऱ्या उत्तराचेही. इंग्रजीत क्रिया ‘डिव्हिजन’ आणि उत्तर ‘कोशंट’. पूर्ण संख्या आणि पूर्णांक संख्या यांत तर भलेभले अडखळतात : पूर्ण संख्या शून्यापासून पुढे जातात आणि त्यांना ‘होल नंबर्स’ म्हणतात, पूर्णांक संख्यांत ऋण संख्याही येतात आणि त्यांना ‘इंटिजर्स’ म्हणतात. धन आणि घन यांचा घोटाळा तर छपाईचा आहे, त्याला कोण काय करणार! उलट इंग्रजीत ‘स्क्वेअर’ हा एकच शब्द संख्येच्या वर्गाला आणि आकृतीतल्या चौरसाला चालतो. ‘प्रॉडक्ट’, ‘डिफरन्स’, ‘व्हॉल्यूम’, ‘ऑड’ हे शब्द रोजच्या बोलण्यात निराळ्याच अर्थाने येतात. आणि ‘राइट अँगल’ ऐकून डावीकडे उघडणाऱ्या काटकोनाला ‘लेफ्ट अँगल’ म्हणणारी मुले वर्गावर्गात भेटतात. म्हणजे गोंधळ दोन्ही भाषांत आहे, पण तो वेगवेगळ्या जागी आहे, आणि म्हणूनच दोन्ही शब्द शेजारी ठेवले की एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. घरात मराठी बंद केली तर तिच्याजवळची ही सोय जाईल, आणि गणितात तिला मदत करू शकणाऱ्या दोन व्यक्ती, म्हणजे तुम्ही आणि सासरे, गप्प बसाल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विज्ञान आणि गणितासाठी द्विभाषिक पुस्तके तयार करावीत आणि विद्यार्थ्यांना या विषयांचा विचार मातृभाषेतही व इंग्रजीतही करता यावा, असे म्हटलेले आहे. यजमानांना हे सांगून पाहा.

भूमितीसाठी तुमचे अंगण पुरेसे आहे. घराच्या जागेभोवती गडगा घालायचा तर किती मीटर लागेल, ही परिमिती, इंग्रजीत ‘पेरिमीटर’. आतली जमीन किती, हे क्षेत्रफळ, इंग्रजीत ‘एरिया’. २० मीटर लांब आणि १५ मीटर रुंद जागेचे क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर आणि परिमिती ७० मीटर. २५ बाय १२ च्या जागेचे क्षेत्रफळही ३०० चौरस मीटरच, पण गडगा ७४ मीटर लागतो. हे तिला दोरी घेऊन मोजू द्या, व्याख्या नंतर आपोआप येतील. तुमच्या माहेरी जमीन गुंठ्यांत बोलतात आणि इकडे चौरस मीटरमध्ये, हेही तिला सांगा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. मात्र ‘१० चौरस मीटर’ आणि ‘१० मीटर बाजूचा चौरस’ यांत दहापट अंतर आहे, कारण दुसऱ्याचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर भरते. इंग्रजीत ‘टेन स्क्वेअर मीटर्स’ आणि ‘टेन मीटर्स स्क्वेअर’ असा केवळ शब्दांचा क्रम बदलतो. मोठी माणसेही इथे फसतात.

शब्दांसाठी एक वेगळी वही करा, पण तिचा शब्दकोश होऊ देऊ नका. एका शब्दाला अर्धे पान द्यावे : मराठी शब्द, त्याशेजारी इंग्रजी शब्द अचूक स्पेलिंगसह, खाली मुलीने स्वतःच्या शब्दांत सांगितलेला अर्थ, आणि मग एक उदाहरण असे की जे त्यात बसते आणि एक असे की जे बसल्यासारखे वाटते पण बसत नाही. मूळ संख्येच्या पानावर ७ बसते, ९ विषम असूनही बसत नाही, २ सम असूनही बसते, आणि १ मूळही नाही व संयुक्तही नाही. न बसणारे उदाहरण मुलीनेच शोधावे, कारण सगळे शिक्षण त्या शोधात आहे. शाळेत जो धडा चालू असेल त्याचेच शब्द घ्यावेत. पुढचे आधीच भरून ठेवण्याची घाई नको. महाराष्ट्राच्या बालभारतीची गणिताची पाठ्यपुस्तके मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत निघतात आणि त्यांच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. सहावीचे पुस्तक दोन्ही भाषांत घ्या आणि तोच सरावसंच शेजारी शेजारी ठेवून वाचा. अभ्यासक्रम गोव्याच्या शाळेशी तंतोतंत जुळणार नाही, पण शब्दांच्या जोड्यांसाठी याहून सोयीचे साधन मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही ते परके वाटणार नाही.

मोठ्या संख्यांविषयी थोडक्यात : इंग्रजी पुस्तकांत लाख-कोटींबरोबर ‘मिलियन’ही येतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, आणि स्वल्पविराम देण्याची पद्धत दोन्हींत वेगळी असते : १२,३४,५६७ हीच संख्या तिकडे १,२३४,५६७ अशी लिहितात.

राहिला शिकवणीचा प्रश्न. आणखी पन्नास उदाहरणे सोडवून घेणारी शिकवणी तुमच्या मुलीच्या कामाची नाही, कारण उदाहरण सोडवणे तिला येते, ते समजून घेणे अडते आहे. शिकवणी लावायचीच असेल तर आधी विचारा की तिथे मुलांना उदाहरण मोठ्याने वाचून, काय दिले आहे आणि काय विचारले आहे हे स्वतःच्या भाषेत सांगायला लावतात का. उत्तर ‘नाही’ असे आले तर पैसे वाचवा. चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत घरीच हा प्रयत्न करा आणि सुट्टीत ती तीन कागदांची चाचणी नव्या उदाहरणांवर पुन्हा घ्या. पहिला कागदच, म्हणजे नुसत्या आकड्यांचा, तेव्हाही चुकत असेल तर शिकवणीला माझी हरकत नाही.

तत्पूर्वी एकदा शाळेत जाऊन बाईंना भेटा आणि जाताना ते तिन्ही कागद बरोबर न्या. शेऱ्याबद्दल वाद घालू नका. मराठीतला आणि इंग्रजीतला कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि एवढीच विनंती करा की शाब्दिक उदाहरण सोडवायला घेण्यापूर्वी मुलीला ते मराठीत किंवा कोकणीत सांगण्याची मुभा असावी, आणि उत्तर चुकले तर चूक वाचनाची होती की आकडेमोडीची, हे वहीत एका शब्दाने लिहावे.